तुम्ही कुणाकडचे?

साडेबाराचा मुहूर्त आहे. बारा वीसला मंगल कार्यालयाच्या दारातून एक नीटनेटका माणूस आत येतो. इस्त्रीचा शर्ट, पायात चकचकीत बूट, हातात एक पाकीट. दारातली मुलगी त्याच्या हातावर अक्षता ठेवते. तो हसून घेतो आणि पंख्याखालची खुर्ची बघून बसतो. मुलीकडच्यांना तो मुलाकडचा वाटतो आणि मुलाकडच्यांना मुलीकडचा. पाच-सहाशे माणसांत ‘तुम्ही कुणाकडचे?’ असे त्याला कुणी विचारत नाही. विचारणे बरेही दिसत नाही. दारात आला तो पाहुणा, आणि पाहुण्याकडे कुणी पुरावा मागत नाही.

हाच माणूस सोसायटीच्या फाटकावर आला असता तर वॉचमनने वहीत नाव, मोबाइल आणि फ्लॅट नंबर लिहून घेतला असता. लग्नाच्या दिवशी मात्र वर्षानुवर्षे जमवलेले सोने लॉकरबाहेर असते, आहेराची पाकिटे असतात, देणी भागवायला काढलेली रोकड असते आणि दार सताड उघडे असते. म्हणून हल्ली कार्यालय ठरले, केटरर ठरला, की यादीत आणखी एक ओळ येते: सिक्युरिटी घ्यायची का?

बहुतेक घरांत याचे उत्तर दोनपैकी एका वाटेने निघते. ‘सगळी आपलीच माणसे, रखवालदार कशाला?’ ही एक. ‘हजार माणूस येणार, चार बाउन्सर तरी पाहिजेतच’ ही दुसरी. पहिलीचा भरवसा नात्यावर आहे, दुसरीचा आकड्यावर. लग्नात चोरी कशी होते, आग लागली की माणसे कशी अडकतात, हे नीट पाहिले तर खरा प्रश्न वेगळाच निघतो. त्या दिवशी घरच्यांची नजर कुठे कुठे नसते, आणि त्या जागी कोण उभे राहणार?

तीन दगडांची चूल

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये चोरीसारख्या गुन्ह्यांबद्दल एक साधी मांडणी केली. गुन्हा घडायला तीन गोष्टी एकाच वेळी एकाच जागी जमाव्या लागतात: चोरी करायला तयार असलेला माणूस, सहज उचलता येईल अशी वस्तू, आणि ती वस्तू राखणाऱ्याची गैरहजेरी. तीन दगडांच्या चुलीसारखेच हे आहे. एक दगड काढला की भांडे बसत नाही.

या मांडणीचा उपयोग असा, की ती चोराच्या स्वभावापेक्षा त्या जागेच्या आणि वेळेच्या रचनेकडे बघायला लावते. कोण कुठून येईल हे लग्नघराच्या हातात नाही. पहिला दगड तसाच राहणार. उरले दोन. उचलण्याजोगी वस्तू कमी करणे आणि राखण वाढवणे. सुरक्षा रक्षक हा फक्त तिसऱ्या दगडावरचा उपाय आहे. दुसऱ्या दगडाला हातही न लावता रक्षक वाढवत जाणे म्हणजे नळ उघडा ठेवून बादल्या मांडत बसणे.

मंगलाष्टकांच्या वेळी खोलीत

आता वधूपक्षाच्या खोलीत डोकवावे. एका कोपऱ्यात कार्यालयाच्या गाद्यांचा ढीग. गाद्यांवर उघडी सूटकेस, तिच्यातून बाहेर आलेला शालूचा रिकामा खोका. आरशासमोर पिना, गजऱ्याचे उरलेले फूल, अर्धा चहा राहिलेला कागदी कप. खिडकीत चार मोबाइल चार्जिंगला. आणि खुर्चीच्या पाठीला अडकवलेली आत्याची पर्स, जिच्यात नवरीचा साखरपुड्यातला नेकलेस आहे. स्टेजवर जाताना तो काढून दुसरा घातला होता. खोलीत आत्तापर्यंत पंधरा बायका होत्या. भटजींनी ‘मुलीला आणा’ असा निरोप धाडला आणि दोन मिनिटांत सगळ्या निघाल्या. ‘कोणीतरी थांबा गं इथे,’ असे आत्या म्हणाली. ते सगळ्यांनी ऐकले.

‘कोणीतरी’ या शब्दातच घोटाळा आहे. जॉन डार्ली आणि बिब लताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवरून बोलायला लावले आणि मध्येच एकाला झटका आल्यासारखे आवाज ऐकवले. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के जणांनी त्या आवाजादरम्यानच मदतीसाठी धाव घेतली. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. माणसे वाईट नव्हती. जबाबदारी वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला तिचा चिमूटभर तुकडा येतो, आणि चिमूटभर जबाबदारीने कुणी जागचे हलत नाही. पंधरा बायकांच्या खोलीत नेमके हेच होते.

दुसरी गोष्ट नजरेची. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्रिस यांचा १९९९ चा गोरिलाचा प्रयोग अनेकांनी व्हिडिओवर पाहिला असेल. चेंडूचे पास मोजायला सांगितलेल्या प्रेक्षकांसमोरून गोरिलाचा वेष घातलेली व्यक्ती चालत जाते, छाती बडवते, आणि सुमारे निम्म्या लोकांना ती दिसतच नाही. डोळे उघडे असतात, पण लक्ष दुसऱ्या कामाला जुंपलेले असते. लग्न लागताना सगळ्यांचे लक्ष अंतरपाटाकडे असते. ‘सावधान’ हा शब्द वारंवार कानावर पडत असतो, आणि त्या काही मिनिटांत सबंध मांडवाची पाठ खोल्यांकडे, दाराकडे आणि पार्किंगकडे असते. हीच स्थिती पहिल्या पंगतीला आणि नवरीच्या पाठवणीला येते. लग्नाचा दिवस चौदा-पंधरा तासांचा असला तरी खऱ्या अर्थाने उघडे पडण्याची वेळ एवढीच आहे. रक्षक ठेवायचा की नाही हे ठरवताना या वेळा आधी कागदावर लिहाव्यात.

संशय कुणावर घ्यायचा?

डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली पोलिसांच्या गुन्हे शाखेने लग्नांतून चोऱ्या करणाऱ्या एका टोळीला पकडले. अटक झालेल्या सात जणांत दोन अल्पवयीन होते. अशा टोळ्या मुलांना पालकांकडून वर्षभराच्या कराराने घेत, त्यांना चांगले कपडे घालून मोठ्या लग्नांत सोडत आणि पैशा-दागिन्यांची बॅग कुणाच्या हातात आहे हे हेरायला शिकवत, असे पोलिसांनी सांगितले. मुलगा जेवतो, इतर मुलांत मिसळतो, बॅग खाली ठेवली जाण्याची वाट पाहतो. ऑगस्ट २०२४ मध्ये जयपूरच्या एका तारांकित हॉटेलातल्या लग्नातून सुमारे दीड कोटीच्या दागिन्यांची बॅग गेली, तेव्हाही ती उचलणारा अल्पवयीन मुलगाच असल्याचे समोर आले. त्या हॉटेलात कॅमेरे होते, कर्मचारी होते, सुरक्षा व्यवस्थाही होती.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘संशयित माणसावर लक्ष ठेवा’ ही सूचना लग्नात जवळपास निरुपयोगी आहे. चोर चोरासारखा दिसत नाही, आणि कपड्यांवरून किंवा बोलण्याच्या ढबीवरून संशय घेतला की नेमके दूरच्या खेड्यातून आलेले खरे नातेवाईक दुखावतात. वऱ्हाडाच्या ट्रकमधून आलेल्या चुलत्याला रक्षकाने दारात अडवले तर ते दुःख दोन पिढ्या बोलून दाखवले जाते. रक्षकाला माणसे राखायला सांगू नये, वस्तू आणि जागा राखायला सांगाव्यात. ‘या खोलीच्या दारापासून हलायचे नाही, या यादीतल्या पाच बायकांशिवाय कुणालाही आत सोडायचे नाही’ ही सूचना पाळता येते. ‘सगळीकडे लक्ष ठेवा’ ही पाळता येत नाही.

आधी दुसरा दगड काढावा

रक्षकाला फोन करण्याआधी घरात बसून करायची कामे बरीच आहेत, आणि त्यांना जवळजवळ काही खर्च नाही.

त्या दिवशी अंगावर घालायचे तेवढेच दागिने कार्यालयात न्यावेत. ‘असू दे बरोबर, ऐनवेळी लागला तर’ म्हणून नेलेला जादा हार लॉकरमध्येच बरा. नेलेल्या प्रत्येक दागिन्याचा फोटो काढून ठेवावा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असल्याशिवाय तो विकता येत नाही. तो क्रमांक बिलासह लिहून ठेवला, तर तक्रार देताना ‘सोन्याचा हार’ एवढेच सांगावे लागत नाही. दागिना परत मिळाला तर तो आपलाच आहे हे दाखवायलाही तो उपयोगी पडतो.

आहेराच्या पाकिटांची बॅग हा लग्नातला सगळ्यात मऊ घास. ती दिवसभर एकाच मामाच्या काखेत असते, आणि मामाला फोटोसाठी दर दहा मिनिटांनी हाक येते. बॅग खाली ठेवली जाते ती अशाच हाकेला. यावर जुनाच उपाय चांगला आहे: कुलूपबंद पेटी, टेबलाला किंवा खांबाला साखळीने बांधलेली, आणि किल्ली तिसऱ्याच माणसाकडे. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापणारी घरे वाढत आहेत. त्यांनी हा प्रश्न मुळातच सोडवला आहे.

आणि एक जागा जिचा विचार सहसा होत नाही, ती म्हणजे राहते घर. लग्नपत्रिकेवर घरचा पत्ता असतो, कार्यालयाचे नाव असते, तारीख आणि मुहूर्त असतो. ती व्हॉट्सॲपवर शेकडो लोकांना जाते. दारावर तोरण, खिडक्यांवर दिव्यांच्या माळा, आणि आत कुणी नाही हे मिनिटाच्या हिशेबाने जाहीर. पूर्वी अशा दिवशी घरी राखणीला कुणीतरी हटकून थांबत असे. आता गावाकडची माणसे थेट कार्यालयात उतरतात आणि घराला कुलूप लागते. एकच रक्षक परवडत असेल तर पुष्कळ लग्नांत त्याची खरी जागा कार्यालयापेक्षा घराच्या दारात आहे. निदान शेजाऱ्याला किल्ली द्यावी, सोसायटीच्या वॉचमनला वेळ सांगावी.

स्वागत हाच पहिला पहारा

मराठीत ‘पाठराखीण’ असा सुंदर शब्द आहे. नवरीबरोबर सासरी सोबतीला जाणारी ती. राखण हे काम नात्यातले होते आणि त्याला मान होता, याची खूण या शब्दात अजून टिकून आहे. लग्नाच्या दारातली गुलाबदाणी आणि अत्तरदाणी याच जातीची. पाहुण्याच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडणारी, मनगटाला अत्तर लावणारी माणसे आगताची विचारपूस करतात, ‘प्रवास बरा झाला ना?’, ‘वहिनी नाही आल्या?’ असे बोलतात. ज्याला उत्तर देता येत नाही तो आपोआप लक्षात राहतो. त्याला कुणी अडवलेले नसते, दुखावलेले नसते. पण आपल्याला कुणीतरी पाहिले आहे हे त्याला कळलेले असते, आणि वाईट हेतूने आलेल्या माणसाला नेमके तेच नको असते.

आज अनेक कार्यालयांत हे काम इव्हेंट कंपनीने आणलेल्या, एकसारखी साडी नेसलेल्या मुली करतात. दिसायला छान दिसते. पण त्या मुली कुणालाच ओळखत नाहीत, म्हणजे दारातला सगळ्यात जाणता पहारा आपण पैसे देऊन काढून टाकला आहे. दोन्ही बाजूंची दोन-दोन पोक्त माणसे दारात उभी राहिली, एक सर्वांना नावाने ओळखणारी आत्या आणि एक बोलके काका, तर मुलाकडचा की मुलीकडचा हा सुरुवातीचा गुंता तिथेच सुटतो. हे काम कुठलाही रक्षक करू शकत नाही. तो गणवेशात असतो, आणि त्याला आपले कुणी माहीत नसते.

मग रक्षक लागतो कुठे?

जिथे घरचे माणूस उभे राहूच शकत नाही, किंवा उभे राहिले तर नाते बिघडते, तिथे.

खोलीचे दार ही पहिली जागा. लग्न लागताना ‘तू खोलीतच थांब’ असे कुणाला सांगायचे? जिला सांगावे तिला वाईट वाटणार, आणि का वाटू नये? भाचीच्या डोक्यावर अक्षता टाकायला ती तीनशे किलोमीटरवरून आलेली असते. इथे बाहेरची स्त्री रक्षक असणे सर्वांत रास्त. स्त्री म्हणण्याचे कारण उघड आहे, आत बायका कपडे बदलत असतात.

दुसरी जागा फाटक आणि पार्किंग. शहराबाहेर महामार्गालगतच्या लॉनवर दीडशे गाड्या एकदम येतात, तेव्हा चोरीपेक्षा अपघाताचे भय मोठे. अंधारात उलट्या येणाऱ्या गाड्या, मध्ये धावणारी मुले, रस्ता ओलांडणारे म्हातारे पाहुणे. इथे शिट्टी आणि टॉर्च घेतलेले दोन प्रशिक्षित लोक फार मोलाचे.

तिसरी जागा, जिथे कुणी पिऊन आले आहे किंवा वरातीत डीजेसमोर धक्काबुक्की सुरू झाली आहे. नवऱ्याच्या मित्राला किंवा चुलतभावाला आवरणारा मेव्हणा पुढची दहा वर्षे ‘त्या दिवशी तू मला...’ हे ऐकत राहतो. रक्षकाशी कुणाचे नाते नाही, म्हणून त्याने शांतपणे बाजूला नेले तर राग त्याच्याबरोबरच निघून जातो. त्याचे परकेपण इथे कामाला येते.

आणि चौथी जागा, जिच्याबद्दल सर्वांत कळकळीने बोलायला हवे, ती म्हणजे बाहेर पडायची वाट.

चोरापेक्षा मोठे संकट

२३ जानेवारी २००४ रोजी तमिळनाडूतल्या श्रीरंगमच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये झावळ्यांनी शाकारलेल्या तात्पुरत्या मांडवाने पेट घेतला. ५० हून अधिक माणसे गेली, त्यांत नवरदेव होता. २६ सप्टेंबर २०२३ रोजी इराकमधल्या काराकोश गावी लग्नाच्या हॉलमध्ये लावलेल्या शोभेच्या दारूने छताची सजावट पेटली आणि १०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. छताचे आवरण चटकन पेटणारे होते आणि बाहेर पडायच्या वाटा अपुऱ्या होत्या, असे तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात हळदीच्या कार्यक्रमाला जमलेल्या बायका जुन्या विहिरीवरच्या झाकणावर बसल्या होत्या. ते खचले, आणि १३ बायका-मुली बुडून गेल्या.

यांतल्या एकाही ठिकाणी चोर नव्हता. विहिरीभोवती एक दोरी आणि दोरीपाशी ‘ताई, इथे बसू नका’ म्हणणारा एक माणूस, एवढ्याने तेरा जीव वाचू शकले असते.

आपल्याकडे आता नवरानवरीच्या प्रवेशाला स्टेजच्या दोन बाजूंनी ठिणग्यांचे कारंजे उडते. वर कापडी झालर, मागे थर्माकोल आणि प्लॅस्टिकची फुले, शेजारी हॅलोजन आणि एकात एक खोचलेल्या वायरी. बाहेर पडायची दारे किती, हे कुणी मोजत नाही. मोजले तर कळते की एका दारासमोर आइस्क्रीमचा स्टॉल आहे, दुसऱ्याला ‘फुकटे शिरतात’ म्हणून कुलूप आहे आणि तिसऱ्यात सेल्फीसाठी फुलांची चौकट उभी केली आहे. चोर येऊ नये म्हणून लावलेले कुलूप आगीच्या वेळी घात करते. सुरक्षेच्या दोन गरजा इथे एकमेकींच्या विरुद्ध ओढतात आणि त्यांचा मेळ माणसानेच घालता येतो: दार उघडे ठेवायचे आणि तिथे रक्षक उभा करायचा. मोठ्या लग्नात रक्षकावर खर्च करायचे याहून मोठे कारण नाही.

कार्यालय ठरवतानाच मॅनेजरकडे एक कागद मागावा. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार इमारतीतली आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. ताजा फॉर्म बी दाखवायला मॅनेजर टाळाटाळ करत असेल, तर दुसरे कार्यालय बघावे.

गणवेशामागचा कायदा

सुरक्षा रक्षक पुरवणाऱ्या संस्थांसाठी केंद्राचा २००५ चा खासगी सुरक्षा संस्था नियमन कायदा आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘पसारा’ म्हणतात. त्यानुसार संस्थेला राज्याचा परवाना लागतो. विनापरवाना हा धंदा करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा २५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. रक्षक १८ ते ६५ वयाचा हवा, त्याची चारित्र्य पडताळणी झालेली हवी, प्रशिक्षण झालेले हवे आणि त्याच्याकडे फोटो असलेले ओळखपत्र हवे. केंद्राच्या नमुना नियमांत १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण सांगितले आहे.

‘बाउन्सर’ या नावाचा वेगळा परवाना या कायद्यात नाही. काळा टी-शर्ट घातलेला पिळदार माणूस मोबदला घेऊन राखण करत असेल तर त्यालाही हेच नियम. पोलिसांसारखा किंवा सैनिकांसारखा गणवेश घालून रक्षक उभे करणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. रुबाबासाठी ‘कमांडो’ मागवण्याची हौस असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

रक्षकाचे अधिकार किती? सामान्य नागरिकाइतकेच. पाहुण्याची झडती घेण्याचा त्याला अधिकार नाही. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर कुणीही नागरिक गुन्हेगाराला पकडू शकतो, पण जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. संशयावरून एखाद्याला स्टोअररूममध्ये कोंडून चोप दिला तर गुन्हा कोंडणाऱ्यावर आणि मारणाऱ्यावर दाखल होतो. अशा वेळी ११२ ला फोन, एवढेच करायचे.

आणि एका प्रसंगी खासगी रक्षक हे उत्तरच नव्हे. लग्न आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय आहे आणि धमक्या येत आहेत, तेव्हा. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी खटल्यात अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा यांबाबत निर्देश दिले आहेत. तिथे थेट जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तालयात लेखी अर्ज करावा. तो त्या जोडप्याचा हक्क आहे.

उभ्या माणसाची नजर

रक्षक ठेवला आणि काळजी मिटली असे होत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रडारवर नजर ठेवणारे सैनिक थोड्या वेळाने खुणा का चुकवतात, याचा अभ्यास ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी केला. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, घड्याळाच्या काट्याची अधूनमधून पडणारी दुप्पट उडी टिपायची होती. साधारण अर्ध्या तासानंतरच चुका वाढू लागल्या. एकसुरी पहाऱ्यात मन लवकर थकते, मग माणूस कितीही प्रामाणिक असो.

सकाळी सहाला हळदीसाठी आलेला रक्षक रात्री अकराला रिसेप्शनच्या दारात उभा असेल, तर त्या वेळी तिथे फक्त गणवेश उभा असतो. दोन पाळ्या ठरवाव्यात, जागा अधूनमधून बदलाव्यात, बसायला स्टूल द्यावे. आल्यावर घरच्या एका ठरलेल्या माणसाने त्याला नावाने हाक मारून सगळी दारे, अग्निशामक नळकांडी, विजेचा मेन स्विच आणि पाच महत्त्वाचे चेहरे दाखवावेत. अडचण आली की कुणाला फोन करायचा, तो एकच नंबर त्याच्या खिशात असावा. तो नंबर नवरीच्या वडिलांचा नसावा.

चौकट: ठरवण्यापूर्वी

* दारे एक-दोन, बहुतेक माणसे ओळखीची, दागिने मोजके, मुक्काम नाही: रक्षकाची गरज नाही. खोलीवर एक आणि दारात चार घरची माणसे, नावानिशी ठरवलेली, पुरेत.
* उघडे लॉन, अनेक वाटा, महामार्गालगत पार्किंग, रात्रीची वरात किंवा मद्य: रक्षक घ्यावेत. आधी पार्किंग आणि बाहेर पडायच्या वाटा, मग खोली.
* घर दिवसभर बंद राहणार: पहिला रक्षक तिथे.
* धमकी किंवा भांडणाची भीती: पोलीस.
* संस्थेकडे मागायचे: परवान्याची प्रत, रक्षकांची ओळखपत्रे, किमान एक स्त्री रक्षक, पाळ्यांच्या वेळा, आणि कोण कुठे उभे राहील हे लिहिलेला कागद.

एक काम मात्र रक्षक एक असो की दहा, विसरू नये. केटररला ताटांचा आकडा सांगताना रक्षकांची ताटे त्यात धरावीत आणि त्यांना पहिल्या पंगतीच्या आधी, आळीपाळीने जेवायला बसवावे. पहिली पंगत बसते तेव्हा खोल्या रिकाम्या असतात, आणि त्या अर्ध्या तासात दारात उभा असलेला माणूस उपाशी नसावा.